बाकाचा उमेदवार

ज्या वर्षी आमच्या धाकट्या नातीचं, मुक्ताचं, बारसं ल्यूकनच्या हर्लिंग क्लबच्या हॉलमध्ये झालं, त्याच वर्षी मी निवडणुकीला उभा राहिलो. म्हणजे २०२४ साल. बारसं फेब्रुवारीत झालं आणि मी जूनमध्ये पडलो. हॉलमध्ये पाळणा टांगायला कडी नव्हती, म्हणून तो हर्लिंगच्या, म्हणजे इथल्या आयरिश काठी-चेंडूच्या खेळाच्या, काठ्या ठेवायच्या लोखंडी मांडणीला बांधला होता. तो बांधला शेजारच्या डिनी गेरॅटीनं. गाठ अशी मारली की नाव ठेवून झाल्यावर पाळणा सुटेना, शेवटी कात्री आणावी लागली. हा डिनीच या हकिकतीला कारण झाला, म्हणून त्याचं नाव आधी घेतलं.

डिनी ऐंशीचा, मी चौऱ्याहत्तरचा. माझं नाव पद्माकर झेंडे, पण पहिल्याच भेटीत त्यानं त्याचं 'पॅडी' करून टाकलं. मी सासवडच्या नगरपालिकेत शिपाई म्हणून लागलो आणि आवक-जावक कारकून म्हणून निवृत्त झालो. मधल्या काळात मी अक्षरं शिकलो. तिशीपर्यंत मला माझं नावही लिहिता येत नव्हतं. माझी बायको वसुधा बालवाडीत शिकवायची. दिवसा पोरांना आणि संध्याकाळी मला. पोरांना ती चुकल्यावर गोष्ट सांगायची, मला मात्र पुन्हा गिरवायला लावायची. इंग्रजी अक्षरं मी इथे आल्यावर नातीकडून, स्वरांगीकडून शिकलो. ती बारा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. तिच्या शिकवण्यात गोष्ट नाही आणि गिरवणंही नाही. "आजोबा, जस्ट रीड इट," एवढंच.

तर मुद्दा बाकाचा.

आमच्या वसाहतीच्या तोंडाशी बसचा थांबा आहे. थांबा म्हणजे एक खांब, आणि त्यावर बस किती मिनिटांत येणार ते दाखवणारा फलक. फलक दोन मिनिटं दाखवतो, मग एक मिनिट, आणि मग ती बस फलकावरूनच नाहीशी होते. ती गेली कुठे हे कुणी विचारत नाही. पुढची पंचवीस मिनिटांनी. हे इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलं आहे, पण डिनीच्या कमरेच्या पडलं नव्हतं. त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. पूर्वी तो कोपऱ्यावरच्या घराच्या ठेंगण्या भिंतीवर टेकायचा. त्या घरात नवीन माणसं आली, त्यांच्या दोन मोटारी, त्यांनी भिंत पाडली. डिनीला टेकायला काही उरलं नाही.

डिनीला दर मंगळवारी त्या बसनं स्मशानभूमीत जायचं असे. तिथे त्याची बायको, नुआला, होती. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. कासलबारला राहणारी त्याची बहीण फोनवर त्याला सारखी म्हणायची, "स्वतःच्या पायानं बस पकडता येत नसेल तर तू माझ्याकडे ये. मोठं इस्पितळ जवळ आहे, जेवण आयतं आहे."

"मग जा की," मी एकदा म्हणालो. बहिणीकडे जाण्यात वाईट काय, असं मला वाटलं.

"जाईन," तो म्हणाला. "पण नुआला इथे आहे, पॅडी. ती मंगळवारी वाट बघते."

म्हणून बाक हवा होता. बाक झाला तर डिनी ल्यूकनमध्ये राहणार होता, नाही तर कासलबारला जाणार होता. एवढं साधं काम. निवडणुका आल्या की दारावर येणाऱ्या प्रत्येकाला डिनी दहा वर्षं बाकाचं सांगत होता, आधी नुआलासाठी, मग स्वतःसाठी.

इथे दोन मोठे पक्ष. शंभर वर्षांपूर्वी एकाच घरातली माणसं एका करारावरून भांडली, आणि त्या वाटण्या अजून चालू आहेत. डिनीचं घराणं एका पक्षाचं, नुआलाचं दुसऱ्या. लग्नानंतर पन्नास वर्षं दोघं हातात हात घालून मतदानाला जायचे. तो आपल्या पक्षाला मत द्यायचा आणि ती त्याचं मत खोडायची. घरी येऊन चहा प्यायचे. "पन्नास वर्षं आमच्या घराचं मत शून्य होतं," तो म्हणायचा, "आणि घरात शांतता होती." ती गेल्यावर त्याचं मत पहिल्यांदाच मोजलं जायला लागलं, आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही. त्यातून आता दोन्ही पक्ष मिळून सरकार चालवायला लागले होते. "पूर्वी निदान एकाचा राग आला की दुसऱ्याला मत देता यायचं. आता दोघं एकाच टेबलावर बसतात. मी रागावू कुणावर?"

हे ऐकलं की मला सासवड आठवायचं. आमच्याकडेही दोनच पक्ष, दोन्ही एकाच आळीतले. निवडणुकीत एका जीपमधून चहा यायचा आणि दुसऱ्या जीपमधून भजी, आणि आम्ही शिपाई मंडळी चहा-भजी एकत्र करून कचेरीच्या पायरीवर बसून खायचो. माझे वडील निरक्षर, ते चिन्हावर शिक्का मारायचे. मी अक्षरं शिकल्यावर पहिल्यांदा मतदानाला गेलो तेव्हा पडद्याआड उभा राहून सगळ्या उमेदवारांची नावं मोठ्यानं वाचली. बाहेरून अधिकारी ओरडला, "ओ, वाचन नको, मतदान करा!" रांगेतले सगळे हसले. वसुधा हसली नाही. तिनं घरी आल्यावर शिरा केला. त्या निवडणुकीत कोण निवडून आलं ते मला आठवत नाही. शिऱ्यात वेलची जास्त झाली होती ते आठवतं.

एप्रिलमध्ये दोन्ही पक्षांचे लोक एकाच आठवड्यात दारावर आले. पहिला म्हणाला, "बाक? अगदी हवाच. पण ते काम वाहतूकवाल्यांचं आहे." दुसरा म्हणाला, "बाक? मी तर स्वतः त्याच्या बाजूनं आहे. पण ते काम कौन्सिलचं आहे." कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिका. बाक झाला पाहिजे यावर दोघांचं दहा वर्षं एकमत होतं. मी आयुष्यभर कचेरीत काढलं आहे. एकमत झालेलं काम कधीच होत नाही हे मला माहीत आहे.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी म्हणालो, "मला यांच्यातलं कुणीच नको. यंत्रावर ते शेवटचं बटण असतं, 'वरीलपैकी कोणीही नाही', ते दाबणार."

"इथे ते नाही, बाबा," अभिजित म्हणाला. अभिजित माझा मुलगा, क्लोनडॉकिनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर करतो.

"इथे यंत्रच नाही," सूनबाई रेवती म्हणाली. "कागदावर पेन्सिलीनं नंबर लिहायचे. आवडीप्रमाणे एक, दोन, तीन."

तेवढ्यात गिरीश आला. गिरीश अभिजितच्याच कंपनीतला, नागपूरचा, आमच्या मराठी मंडळाचा चिटणीस. तो कुणाच्याही घरी कधीही येतो आणि आधी प्रेस उघडून डबे बघतो. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. चिवड्याचा डबा काखेत धरून तो म्हणाला, "काका, कोणीच नको, तर तुम्हीच उभे राहा नं! कौन्सिलच्या निवडणुकीला नागरिकत्व लागत नाही. इथे राहता, बस झालं."

"अहो," वसुधा म्हणाली, "नळाचा वायसर बदलायला तुम्हाला तीन आठवडे लागले."

हे ती बोलली नसती तर बहुतेक मी उभा राहिलो नसतो.

अपक्षाला पंधरा अनुमोदक लागतात, आणि प्रत्येकाला कुणा अधिकाऱ्यापुढे शपथेवर सही करावी लागते. सोयीचा अधिकारी म्हणजे गार्डा ठाण्यातला. गार्डा म्हणजे इथले पोलीस. गिरीशनं मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला : 'शनिवारी अकरा वाजता सर्वांनी पोलीस ठाण्यात जमावे. झेंडेकाकांसाठी. ओळखपत्र आणावे.' कशासाठी ते लिहायला तो विसरला. पंधराऐवजी चाळीस माणसं आली. दोन जण थर्मासमधून चहा आणि डब्यातून पोहे घेऊन आले होते, मला आतल्या कोठडीत देता येतील म्हणून. एकानं वकील मिळवून आणला होता. खिडकीतला गार्डा आधी चाळीस गंभीर चेहऱ्यांकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, तुम्ही नक्की काय केलंय?"

"बाक," मी म्हणालो.

नंतर प्रश्न आला चिन्हाचा. मला बाक हे चिन्ह हवं होतं. अपक्षाला इथे चिन्ह मिळत नाही. नुसतं नाव आणि फोटो, तेही आडनावाच्या इंग्रजी अक्षराप्रमाणे. झेंडे म्हणजे झेड. मी कागदाच्या अगदी तळाशी. "ग्रँड," डिनी म्हणाला, "तळाचा माणूस सापडायला सोपा."

मग पोस्टर. इथे निवडणुकीच्या महिनाभर आधी विजेच्या खांबांवर उमेदवारांचे फोटो प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधतात. बाकीचे उमेदवार हसत होते. माझा फोटो इथे राहण्याच्या परवान्याच्या कार्डासाठी काढलेला होता, आणि तो काढताना हसायचं नाही असा नियम आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मी गंभीर, खाली नाव आणि त्याखाली '२०२४'. स्वरांगी बघून म्हणाली, "आजोबा, यू लुक लाइक यू'व्ह बीन अरेस्टेड." पोरीचा अंदाज थोडा चुकला. मी त्याहून वाईट दिसत होतो.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या बैठकीच्या खोलीत माझ्या आई-वडिलांचे फोटो आहेत, त्यांना चंदनाचे हार. बारशाहून घरी आल्यावर डिनीनं ते बराच वेळ बघितले होते. "हे छान आहे," तो म्हणाला. "तुम्ही तुमच्या माणसांना मान देता." मी म्हणालो, "येस. व्हेरी रिस्पेक्ट." माझं इंग्रजी तेवढ्यावर थांबलं. हा मान कधी देतात ते सांगायचं राहून गेलं. "मला कधी घालणार?" त्यानं विचारलं. "थांब," मी म्हणालो, "घाई नको." तो हसला, मी हसलो. आम्ही वेगवेगळ्या गोष्टींना हसलो होतो.

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळी डिनी दुकानातून पिवळी शेवंती घेऊन आला, स्वयंपाकघरात बसून मोठ्या सुईनं तिचा हार ओवला, काठीच्या टोकानं तो उंच केला आणि थांब्याजवळच्या माझ्या पोस्टरला घातला. कंबर दुखत असताना. मित्रासाठी.

गिरीशनं गाडीतून जाताना मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि 'ल्यूकनमध्ये काकांची हवा!' असं लिहून ग्रुपवर टाकला. ग्रुपवरून तो पुण्याला गेला, पुण्याहून सासवडला. लिहिलेलं वाटेत गळालं, फोटो तेवढा पोहोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसुधाचा फोन वाजला. ती अंघोळीला गेली होती म्हणून मी उचलला. तिकडून तिचा भाऊ, नंदकुमार, हुंदके देत होता. "ताई कुठंय? तिला सांभाळा हो. दाजी फार चांगला माणूस..."

"अरे नंदू, मीच बोलतोय."

"मीच कोण?"

"दाजी."

तिकडे हुंदके थांबले. मग तो जरा नाराजीनंच म्हणाला, "मग आता फ्लेक्सचं काय करू?"

सासवडच्या चौकात माझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. पंधरा फुटी. मधोमध माझा तोच फोटो, आणि खाली रांगेनं दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांचे फोटो, हात जोडलेले. "दाजी, सासवडच्या इतिहासात दोन्ही पक्ष एका फ्लेक्सवर पहिल्यांदा आले," नंदू म्हणाला. "दोघांचे अध्यक्ष बोलून गेले. तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मला वाटलं, हा माणूस आपल्याला कळलाच नव्हता."

"उतरव तो."

"आजच्या दिवस राहू द्या की. संध्याकाळी आमदार येणार आहेत."

इकडे ल्यूकनमध्ये वेगळंच घडलं. या देशात रस्त्याच्या खांबाला फुलं दिसली की तिथे अपघातात कुणीतरी गेलं, असं समजतात. दुसऱ्या दिवशी माझ्या खांबाखाली ट्युलिपचा गुच्छ होता. तिसऱ्या दिवशी काचेतली मेणबत्ती आणि एक कापडी अस्वल. अस्वल का, ते मला आजवर कळलेलं नाही. मी प्रचाराला एका दारावर गेलो, तर बाई दार उघडून माझ्याकडे बघतच राहिल्या. मग माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "तुमच्या दुःखात सहभागी आहे. अगदी त्यांच्यासारखेच दिसता. भाऊ का?"

"मी तोच आहे," म्हणालो.

त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. नंतर आत बोलावून चहा पाजला, दोन स्कोन दिले, आणि दारापर्यंत सोडताना म्हणाल्या, "तुम्हाला माझा दोन नंबर नक्की."

हे दोन नंबर मला सगळीकडे मिळत होते. "एक नंबर आमच्या घराण्याच्या पक्षाला जातो, तो काही बदलता येत नाही. पण दुसऱ्या पक्षाला दोन देण्यापेक्षा तो तुम्हाला." या घरात असं, समोरच्या घरात उलटं, निष्कर्ष एकच. दोन्ही पक्षांना कंटाळलेली माणसं घरोघर होती. कंटाळून ती दोन नंबरपर्यंत पोहोचली होती.

मी हे मंडळाच्या बैठकीत सांगितलं, तर गिरीशला आनंदानं बसवेना. त्यानं भिंतीवर स्लाइड लावल्या. बाण, गोल, रंगीत चौकोन. सार असं की इथे मोठा उमेदवार निवडून आला की त्याची जादा मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे खालच्यांना वाटतात. "म्हणून आपण शहाणपणानं खेळायचं. सगळ्यांनी एक नंबर मोठ्या पक्षांना. अर्धे याला, अर्धे त्याला. दोन नंबर काकांना. दोन्हीकडून जादा मतांचा पूर आला की काका तरंगत वर!"

सगळे इंजिनिअर. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं दुसऱ्या फेरीचा हिशेब सुधारून दिला.

वसुधा मागच्या खुर्चीवरून म्हणाली, "पण पहिला नंबर कुणीतरी द्यायला नको का?"

"काकू, ते सिस्टम करते," गिरीश म्हणाला.

माझा मान थोडा दुखावला होता, हे कबूल करतो. आपल्याच माणसांत दुसरा नंबर. पण भिंतीवर बाण होते. अक्षरं उशिरा शिकलेल्या माणसाला बाणांची फार भीड वाटते.

सात जूनला शुक्रवारी मतदान झालं. शाळेच्या वर्गात, लाकडी आडोशामागे, दोरीनं बांधलेली पेन्सिल. या वेळी मी नावं मनातल्या मनात वाचली. वरून खाली सगळी. तळाशी माझा फोटो, अटक झाल्यासारखा. ठरल्याप्रमाणे मी एका मोठ्या पक्षाच्या माणसासमोर एक लिहिलं आणि माझ्यासमोर दोन. दोन्ही पक्ष नकोत म्हणून उभा राहिलेला मी, आणि माझं पहिलं मत त्यांच्यातल्याच एकाला! हे तिथे उभं असताना लक्षात आलं नाही. घरी येऊन जेवायला बसल्यावर लक्षात आलं. तोवर पेटी बंद.

मतमोजणीला एक मोठा हॉल, मधे कठडा. कठड्याच्या अलीकडे दोन्ही पक्षांचे जुने जाणकार वाकून उभे असतात आणि पलीकडे उघडणारा प्रत्येक कागद बघून टिपून घेतात. डिनीनं हे काम आपल्या पक्षासाठी कैक वर्षं केलं होतं. मी त्याच्यासाठी घरून घडीची खुर्ची नेली होती. दारावरच्या माणसानं सांगितलं, खुर्ची आत नेता येणार नाही. मी म्हणालो, मी उमेदवार आहे. तो म्हणाला, उमेदवारांनाही उभंच राहावं लागतं. मग डिनीला बघितलं आणि स्वतःची खुर्ची आणून दिली.

पहिली फेरी जाहीर झाली. पहिल्या फेरीत कुणीच निवडून आलं नाही. तसं झालं की सगळ्यात तळाचा माणूस काढायचा, असा नियम. पूर यायच्या आधीच पाण्यात कोण बुडालं ते बघतात. गिरीशच्या स्लाइडमध्ये एवढी एकच गोष्ट नव्हती.

"झेंडे, पद्माकर. अपक्ष. अकरा."

पंधरा अनुमोदक होते मला. शपथेवर.

गिरीशनं आपला फोन काढला आणि त्यात बराच वेळ बघत राहिला. फोन बंद होता. अभिजित म्हणाला, "बाबा, पाणी आणू?" असं तो त्याआधी फक्त माझ्या अँजिओग्राफीच्या वेळी म्हणाला होता. वसुधा माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "एक माझं होतं. नवऱ्यापुढं दोन लिहायला हात धजला नाही माझा."

"तू प्लॅन मोडलास?"

"मी बालवाडी शिकवली आहे. एक आधी येतो."

डिनी खुर्चीतून कठड्याकडे बघत होता. पलीकडे माझे अकरा कागद पुढच्या पसंतीप्रमाणे वाटायला घेतले होते. एक माणूस ते एकेक करून वेगवेगळ्या गठ्ठ्यांवर ठेवत होता. डिनीनं मला खाली वाकायला सांगितलं. मला वाटलं, सांत्वन करणार.

"पॅडी, त्यात एक माझं आहे. माझ्या बापाला कळलं तर थडग्यातून उठेल. आयुष्यात पहिल्यांदा पक्षाबाहेर एक नंबर दिला."

"वाया गेला रे," मी म्हणालो.

"ऐक. दोन नंबर मी नुआलाच्या पक्षाला दिला. सरळ एक द्यायला हात झाला नसता. पण तू पडलास की ते मत आपोआप तिच्याकडे जाणार, हे मला माहीत होतं." त्यानं बोटानं दाखवलं. "तो बघ. तो चालला."

पलीकडच्या माणसानं एक कागद उचलून डावीकडच्या गठ्ठ्यावर ठेवला. तो डिनीचाच होता की नाही, देव जाणे. पण डिनीनं टोपी काढली, जरा वेळ मांडीवर धरली आणि परत घातली.

"पन्नास वर्षं ती माझं मत खोडत होती," तो म्हणाला. "एकदा तरी तिला द्यायला पाहिजे होतं. तू पडलास म्हणून जमलं. थँक्स, पॅडी."

पडल्याबद्दल आभार मिळालेला मी पहिलाच उमेदवार असेन. मी सावकाश त्याच्या खुर्चीच्या पाठीला हात टेकला. दोघांनी मिळून शेवटपर्यंत मोजणी बघितली, म्हणजे वसुधानं घरी न्यायचं ठरवलं तोपर्यंत.

आता बाकाचं. कठड्याशी वाकलेल्या जाणकारांनी एक गोष्ट टिपली होती. आमच्या वसाहतीच्या पेटीतल्या कागदांवर, एक नंबर कुणालाही असो, तळाशी त्या गंभीर म्हाताऱ्यासमोर दोन होता. एवढी माणसं बाकासाठी दोन नंबर देतात, तर पुढच्या वेळी एक नंबर देतील, असं दोन्ही पक्षांना एकाच वेळी वाटलं. वाहतूकवाल्यांचं काम आणि कौन्सिलचं काम यांतला दहा वर्षांचा वाद उन्हाळ्यात मिटला. ऑगस्टमध्ये थांब्याच्या उजव्या बाजूला बाक आला. सप्टेंबरमध्ये डाव्या बाजूला दुसरा आला. एक एका पक्षाच्या सभासदानं आणला, दुसरा दुसऱ्यानं. दोघांनी आपापल्या बाकावर बसून फोटो काढले आणि पत्रकं वाटली. दोन्ही पत्रकांत मी नव्हतो. त्याचं मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार होतो, पण वाटलं.

फ्लेक्सवर मात्र मी होतो. नंदूनं तो जपून ठेवला आहे. म्हणतो, कापड चांगलं आहे, लागेल.

डिनी कासलबारला गेला नाही. मंगळवारी सकाळी आम्ही दोघं थांब्यावर जायचो. एका मंगळवारी उजवा बाक, एका मंगळवारी डावा. "हा माझ्या बापाचा," तो सांगायचा, "आणि हा नुआलाच्या बापाचा." फलकावरून बस नाहीशी झाली की आम्हाला आता राग यायचा नाही. तेवढाच वेळ मिळायचा. मी त्याला सासवडच्या चहा-भजीचं सांगायचो, तो मला लहानपणच्या निवडणुकांचं सांगायचा, पेटवलेली पिंपं आणि बँड आणि खांद्यावर उचललेली माणसं. दोघांचं म्हणणं एकच निघायचं, की तेव्हाही दोनच पक्ष होते आणि दोन्ही कामाचे नव्हते, पण आपण तेव्हा तरुण होतो. मग पुढची बस यायची.

कापडी अस्वल मुक्ताला दिलं. एकदा डिनीनं पुन्हा विचारलं, "हार कधी घालणार मला?" तोवर स्वरांगीनं त्याला खरा अर्थ सांगितला होता. विचारलं तरीही.

"घाई नको," मी म्हणालो.

आता बैठकीच्या खोलीत माझ्या आई-वडिलांच्या शेजारी त्याचा फोटो आहे, टोपी घातलेला. हार शेवंतीचा असतो. वसुधा दर मंगळवारी तो बदलते.

डिनी गेरॅटी शुक्रवार, १७ जानेवारी २०२५ रोजी दुपारी, ल्यूकनमध्ये, आपल्या घरी वारला.